मारुतीला पाणी, बंदराला बावटा

नाशिककर पूर क्युसेकमध्ये मोजत नाही, मारुतीच्या अंगावर मोजतो. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की गोदाकाठी एकच प्रश्न फिरतो, "मारुतीला कुठवर लागलं?" दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी आलं की पात्रातल्या टपऱ्या आणि हातगाड्या उचलायच्या. कमरेला आलं की सराफ बाजार, भांडी बाजारात माल वरच्या मजल्यावर चढवायचा. गळ्याला टेकलं की बोलत बसायची वेळ संपली. मोठ्या बंदरांचे आपत्ती आराखडे जाडजूड असतात, पण त्यांचा गाभा एवढाच असतो. खूण कोणती आणि ती दिसली की कोणी काय करायचं.

गोदाकाठी आणखी एक खूण आहे. नारोशंकर मंदिराच्या तटावरची ती भलीमोठी घंटा. तिला पाणी लागलं म्हणजे महापूर, असं जुने नाशिककर सांगत. घंटा पोर्तुगीज आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची ती आठवण. समुद्राकाठचा तो मुलूख सोडून घाटावर आली आणि नाशिकच्या पुराची खूण झाली.

आज नाशिक आणि समुद्राचं हे नातं उलट्या दिशेनं चालतं. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमधून द्राक्षं रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये बसतात, कसारा घाट उतरतात आणि सुमारे दोनशे किलोमीटरवर न्हावा-शेवाच्या धक्क्याला लागतात. उरणजवळचं हे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. २०२४-२५ मध्ये तिथून, २० फुटी पेटीच्या हिशेबानं, ७० लाखांहून अधिक कंटेनरची ये-जा झाली. नाशिकला समुद्र नाही, पण बंदर नक्की आहे, आणि ते बंद पडलं की बागायतदाराला घाम फुटतो. म्हणूनच बंदरं संकटाला कशी सामोरी जातात, कशी सावरतात, याच्या या काही गोष्टी.

तीन नंबरचा बावटा म्हणजे काय?

पावसाळ्यात कोकणातल्या बातम्यांत हे वाक्य हमखास असतं, "बंदरात तीन नंबरचा बावटा लावला." बावट्याला नंबर असतात आणि ते १ ते ११ आहेत. १ आणि २ नंबर म्हणजे गडबड दूर समुद्रात आहे. ३ म्हणजे बंदरातच सोसाट्याचा वारा सुटण्याची चिन्हं. ४ म्हणजे वादळ इकडे येऊ शकतं, सावध राहा. ५ पासून धोका सुरू होतो.

इथे एक सुरेख बारकावा आहे. ५ नंबर लागला तर वादळ बंदराला आपल्या डाव्या हाताला ठेवून जाणार, ६ लागला तर उजव्या हाताला, आणि ७ म्हणजे थेट बंदरावरून किंवा अगदी जवळून. ८, ९, १० यांचा अर्थ तोच, फक्त वादळ अतितीव्र. नुसतं 'वादळ येतंय' एवढं खलाशाला पुरत नाही. कोणत्या बाजूनं येतंय यावर वारा कुठून झोडपणार ते ठरतं, आणि त्यावर नांगर कसा टाकायचा, दोर कुठे वाढवायचे ते ठरतं.

नाव बावट्याचं असलं तरी दिवसा डोलकाठीवर काळे शंकू आणि पिंपाच्या आकाराचे नळकांडे चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे. वीज, फोन, इंटरनेट काहीही नसलं तरी डोळ्यांनी वाचता येईल अशी ही भाषा आहे. आणि ११ नंबर? हवामान केंद्राशी संपर्कच तुटलाय आणि स्थानिक अधिकाऱ्याला वादळाचा धोका वाटतोय, असा त्याचा अर्थ. आपल्याला काही कळत नाहीये, हे जगाला सांगण्यासाठीही एक खूण राखून ठेवली आहे! मला या यादीतला हा नंबर सगळ्यात शहाणा वाटतो.

ही पद्धत आली कुठून? १८६४ च्या चक्रीवादळानं कलकत्ता उद्ध्वस्त झालं, आणि १८६५ मध्ये भारतातली पहिली बंदर-इशारा व्यवस्था त्याच बंदरासाठी उभी राहिली. भारतीय हवामान खातं स्थापन झालं १८७५ मध्ये. म्हणजे खात्याआधी दहा वर्षं बावटा!

वादळ आलं की जहाज बाहेर काढा

आपल्याला वाटतं, वादळात जहाजानं बंदरात शिरावं. मोठ्या बंदरात बहुतेक वेळा उलट होतं. धक्क्याला बांधलेलं जहाज लाटांवर हेलकावे खात धक्क्यावर आदळतं, दोर तुटतात, जहाज मोडतं आणि धक्काही फुटतो. म्हणून वेळ हातात असेल तर मोठी जहाजं सोडून खोल पाण्यात पाठवतात. लहान होड्या मात्र आत, खाडीत.

धक्क्यावर तेव्हा वेगळीच लगबग असते. माणसांपेक्षा क्रेनची काळजी मोठी, कारण रुळांवर उभी असलेली ती अजस्र क्रेन वाऱ्यानं ढकलली तर रुळांवरून धावत सुटते आणि शेजारच्या क्रेनला धडकते. म्हणून क्रेनला धक्क्यातल्या खाचेत पिना घालून, साखळदंडांनी जखडतात. रिकाम्या कंटेनरच्या उंच थप्प्या उतरवून बुटक्या करतात. भरलेली पेटी जागची हलत नाही, रिकामी पत्त्यासारखी उडते.

नांगर तुटलेल्या जहाजाचं काय होतं, ते रत्नागिरीकरांनी पाहिलंय. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' हे जहाज भरकटत मिऱ्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. पुढे कित्येक वर्षं ते तिथेच गंजत होतं. तेच निसर्ग वादळ रायगडचा किनारा ओलांडून, जोर ओसरत का होईना, नाशिकपर्यंत आलं होतं. घाटमाथा आपल्याला वाऱ्यापासून वाचवतो, हे खरं. पूर्ण वाचवत नाही.

सोनं, कापूस आणि चौदाशे टन स्फोटकं

आता मुंबईच्या गोदीतल्या त्या दुपारकडे जाऊ. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज दोन दिवसांपासून उभं होतं. २४ फेब्रुवारीला इंग्लंडच्या बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आलेलं. पोटात काय काय भरलं होतं? सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या विटा. पेटणारं आणि फुटणारं एकाच छताखाली.

धोकादायक माल असेल तर जहाजानं लाल बावटा चढवायचा असतो. फोर्ट स्टिकिनवर तो नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास क्रमांक दोनच्या फाळक्यातून धूर दिसला. बंबांनी जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतलं, पण आग नेमकी कुठे आहे हे सापडेना. सभोवतालचं पाणी उकळू लागलं. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा.

आवाज ८० किलोमीटरवर ऐकू गेला. सिमल्याच्या भूकंपमापकानं हादरा टिपला, म्हणजे सुमारे १,४०० किलोमीटरवरून. शेजारचं चार हजार टनांचं 'जलपद्म' जहाज पाण्यातून उचलून धक्क्यावरच्या गोदामाच्या छतावर फेकलं गेलं. मृतांचे आकडे ८०० ते १,३०० पर्यंत दिले जातात. पेटलेल्या कापसाच्या गाठी वस्तीवर पडत होत्या, आणि सोन्याच्या विटाही. दीड किलोमीटरच्या पुढे राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या घरात अशी वीट छप्पर फोडून आली. त्यांनी ती परत केली. समुद्राच्या तळातला गाळ उपसताना अगदी अलीकडेपर्यंत अशा विटा सापडत होत्या.

६६ अग्निशमन जवान त्या दुपारी गेले. आग लागली आहे हे ठाऊक असूनही ते धक्क्यावर उभे होते, जहाजाच्या पोटात किती आणि काय आहे हे मात्र त्यांच्यातल्या किती जणांना माहीत होतं? बंदराच्या आपत्ती नियोजनातली पहिली ओळ इथे लिहिली गेली आहे, असं मी मानतो. कोणत्या पेटीत काय आहे, हे आग विझवणाऱ्याला आगीच्या आधी माहीत हवं. आज समुद्रमार्गे जाणारा धोकादायक माल जगभर ९ वर्गांत विभागलेला असतो. कंटेनरवर चौकोन टोकावर उभा केल्यासारखी रंगीत पाटी आणि तिच्यात आकडा दिसतो. मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रेलरच्या मागे गाडी असेल तर पाहा. ३ म्हणजे ज्वालाग्राही द्रव, ८ म्हणजे कातडी-धातू खाणारं रसायन.

आणि सावरण्याची गोष्ट? आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मग ८,००० माणसं सात महिने राबली. सुमारे पाच लाख टन मलबा उपसला आणि गोदी पुन्हा चालू झाली. युद्ध सुरू होतं, यंत्रं तुटपुंजी होती, आणि तरी सात महिन्यांत! या सात महिन्यांवर मराठीत फारसं लिहिलं जात नाही, याची मला खंत वाटते.

दीड वर्ष उलटतं न उलटतं तोच, २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे, मकरानच्या किनाऱ्यालगत समुद्रतळाशी भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा काही तासांनी मुंबईपर्यंत आल्या. माणसं वाहून गेली. त्सुनामी म्हटलं की आपण बंगालच्या उपसागराकडे बघतो, पण अरबी समुद्राच्याही खात्यावर ती नोंद आहे. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतलं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून दोन्ही समुद्रांवर चोवीस तास लक्ष ठेवून असतं.

दोन बंदरं, एकच वाट

मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा वेगळी, पण मोठ्या जहाजांची वाट सामायिक. ७ ऑगस्ट २०१० ला ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला कळली. न्हावा-शेवाहून निघालेलं 'एमएससी चित्रा' आणि मुंबईकडे येणारं 'खलिजिया-३' एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडलं, सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि दोनशेहून अधिक कंटेनर पाण्यात गेले. काहींत कीटकनाशकं होती.

तेलापेक्षा मोठी अडचण त्या पेट्यांची. कंटेनर लगेच बुडत नाही. पाण्याच्या पातळीखाली अर्धा-एक हात तरंगत राहतो, आणि त्यावर जहाज आपटलं तर पत्रा फाटतो. नौदलानं सोनार लावून वाट तपासली. पाच दिवस दोन्ही बंदरं ठप्प होती. एका टकरीनं देशातली दोन मोठी दारं बंद झाली. पालघरच्या वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंजुरी देताना खोल पाण्याची चर्चा झाली, मच्छीमारांचा विरोधही ऐकू आला, आणि तो विरोध ऐकायलाच हवा. पण दुसरं दार असणं म्हणजे काय, हे २०१० च्या त्या पाच दिवसांनी दाखवलं होतं.

दुसऱ्या दाराची गोष्ट घाटालाही लागू आहे. पावसाळ्यात कसाऱ्यात दरड आली की ट्रेलर रांगेत उभे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तो मुख्यतः वेगासाठी वाखाणला गेला. माझ्या लेखी त्याचं मोल वेगळं आहे. घाट बंद पडला तरी माल खाली उतरवायला एक पर्यायी वाट मिळाली.

घानातली वीज गेली म्हणून

२७ जून २०१७. या दिवशी न्हावा-शेवाच्या एका टर्मिनलवर संगणकांनी मान टाकली. वादळ नाही, आग नाही. 'नॉटपेट्या' नावाचा सायबर हल्ला युक्रेनमधून पसरत मर्स्क या जहाज कंपनीत घुसला होता, आणि तिच्याच समूहाकडे ते टर्मिनल होतं. जगभरातली तिची १७ टर्मिनलं अडकली. कोणता कंटेनर कुठल्या थप्पीत, कोणत्या जहाजाचा, हे सांगणारा पडदाच काळा. मग कागद, पेन आणि माणसांची स्मरणशक्ती.

आता गंमत ऐका. कंपनीच्या साऱ्या संगणकांचा नकाशा ज्यांच्यात होता ते सुमारे दीडशे सर्व्हर पुसले गेले होते. एक सोडून. आफ्रिकेतल्या घानाच्या कार्यालयात हल्ल्याच्या वेळी वीज गेली होती, म्हणून तिथला सर्व्हर बंद होता, म्हणून तो वाचला! त्यातला साठा इंटरनेटवरून पाठवायला फार वेळ लागला असता. मग एक कर्मचारी ती डिस्क घेऊन विमानानं नायजेरियाला गेला, तिथून दुसऱ्यानं ती इंग्लंडला नेली, आणि तिच्यावरून सारं पुन्हा उभं केलं. दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्यानं बसवले.

नशिबानं जे घानात घडलं, ते मुद्दाम करून ठेवणं म्हणजे सावरण्याचं नियोजन. नोंदींची एक प्रत कायम जाळ्यापासून तोडलेली ठेवायची.

थोडं इकडचं, थोडं तिकडचं

४ ऑगस्ट २०२० ला बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, तेव्हा आपल्याकडे गोदामांच्या याद्या धुंडाळल्या गेल्या. चेन्नईजवळच्या कंटेनर यार्डात अशाच मालाचे सुमारे ७०० टन वर्षानुवर्षं पडून असल्याचं समोर आलं, आणि ते काही दिवसांत हैदराबादला हलवले गेले.

कांडला बंदरातला मनोरा २००१ च्या भूकंपात पडला नाही, फक्त कलला. पायाखालची वाळू पाण्यासारखी वाहू लागली होती. बंदरं बहुधा भराव टाकलेल्या किंवा मऊ जमिनीवर असतात, म्हणून भूकंपात त्यांचं भय दुप्पट.

जपानचं कोबे. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा ते कंटेनरच्या बाबतीत जगात सहाव्या क्रमांकाचं बंदर होतं. जपाननं धक्के दोन वर्षांत पुन्हा उभारले. पण तोवर इतर देशांचा माल बुसानसारख्या बंदरांकडे वळला होता, आणि कोबेला ते स्थान परत मिळालं नाही. म्हणून बंदर किती दिवसांत पुन्हा चालू होणार, या आकड्यावर नियोजनकार जिवापाड भांडतात. धक्का बांधता येतो, गेलेलं गिऱ्हाईक बांधून आणता येत नाही.

द्राक्षाचं घड्याळ

आता पुन्हा आपल्या बागेत. निर्यातीचं द्राक्ष तोडल्यावर काही तासांत प्री-कूलिंगला जातं, शून्याच्या आसपास थंड होतं, आणि युरोपच्या बाजारात पोहोचेपर्यंत ती थंडी तुटता कामा नये. रस्त्यावर जनरेटर, यार्डात प्लग, जहाजावर पुन्हा प्लग. बंदराच्या आपत्ती आराखड्यात रीफरचे प्लग हा साधा दिसणारा मुद्दा असतो, पण वीज गेली तर कोणत्या रांगेला जनरेटर आधी द्यायचा, हे आधीच ठरलेलं नसेल तर वाद घालण्यातच माल जातो. औषधं आधी की मासळी, मासळी की द्राक्षं, हे शांत दिवशी ठरवायचं असतं.

आणि संकट न्हावा-शेवालाच यावं असंही नाही. २३ मार्च २०२१ ला चारशे मीटर लांबीचं 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस जगाचा व्यापार अडला. जहाजावरचे २५ च्या २५ खलाशी भारतीय होते, आणि इकडे नाशिकचा द्राक्ष हंगाम ऐन भरात होता. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं थेट आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-पंधरा दिवस वाढले, भाडं वाढलं, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात देठ हिरवा राहील की नाही ही चिंता निफाडच्या बागेत पोहोचली.

म्हणून निर्यात करणाऱ्या शेतकऱ्यांना आणि गटांना एक विनंती. हंगाम सुरू होण्याआधी आपल्या एजंटला चार प्रश्न विचाराच. बंदर बंद झालं तर माझी रीफर कुठे उभी राहणार? तिथे प्लगची सोय कोणाची? विम्यात उशीर धरलाय की फक्त नुकसान? आणि कंटेनर, सील आणि बुकिंगचे नंबर कागदावर कोणाकडे आहेत? चौथा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण २०१७ मध्ये पडदे काळे झाले तेव्हा कागदच कामाला आला.

फोर्ट स्टिकिनवरच्या आगीत गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. त्या दिवशी सवड काढा, नाशिकच्या शिंगाडा तलावावरच्या अग्निशमन केंद्रात मुलांना घेऊन जा, बंब दाखवा, आणि मुंबईच्या गोदीतल्या त्या ६६ जणांबद्दल त्यांना सांगा.